भाड्याच्या घरात एसी : भिंत उघडी आहे तोवर करायचा हिशेब

व्यापाऱ्याच्या गाठीला चार पैसे जमले की तो ते सोन्यात घालतो, दुकानाच्या गाळ्यात घालतो, नाहीतर उपनगरात एखादी सदनिका घेऊन ठेवतो. आमच्या कापड बाजारातील अनेक बंधूंनी मागील तीस-पस्तीस वर्षांत कांदिवलीत अशी घरे घेतली. कोणी चारकोपला घेतले, कोणी महावीर नगरला, कोणी पूर्वेला ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला टाऊनशिपमध्ये. मुलांच्या शिक्षणाला आणि म्हातारपणाला आधार म्हणून त्यांचे भाडे येते. आता ही घरे जुनी झाली आहेत. प्लास्टर सुटले आहे, नळ गळतात, फरशी उखडली आहे. भाडेकरू निघून गेला की मालक घराचे काम काढतो आणि नवीन भाडेकरूचा पहिला प्रश्न येतो, "एसी आहे का?"

या प्रश्नाला मालक सहसा दोन प्रकारे उत्तर देतो. एक जण म्हणतो, "ज्याला हवा त्याने आपला लावावा." दुसरा दुकानात जाऊन सवलतीतला एसी उचलून आणतो आणि रंग लागल्यावर भिंतीला टांगतो. आमच्या मते दोघांचाही हिशेब अर्धा आहे. एसीचे यंत्र ही शेवटची गोष्ट आहे. त्याआधी वायर, तांब्याची नळी आणि पाण्याची वाट ही तीन कामे येतात आणि ती भिंत उघडी असतानाच स्वस्तात होतात. त्यानंतर येतो करारनामा. या चार गोष्टी नीट झाल्या तर यंत्र आज घेतले काय आणि दोन वर्षांनी घेतले काय, नुकसान होत नाही.

मागणी कोठून आली?

पूर्वी एसी ही चैन होती. आज नोकरदार माणूस दिवसभर कार्यालयात एसीत बसतो. पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे सुटली. २ एप्रिल २०२२ रोजी मेट्रो २ अ मार्गाचा पहिला टप्पा दहिसर ते डहाणूकरवाडी असा सुरू झाला. डहाणूकरवाडी म्हणजे कांदिवलीच. त्याच दिवशी पूर्वेकडील मेट्रो ७ मार्गही आरेपर्यंत सुरू झाला. मेट्रोमुळे ज्या कुटुंबांची नजर कांदिवलीकडे वळली ती एसी गाडीतून उतरून एसी घर शोधतात. घरून काम करणाऱ्या तरुणांना तर दुपारीही गारवा लागतो.

दुसरे कारण हवेचे आहे. कांदिवलीचा उकाडा हा कोरडा उकाडा नव्हे. मालेगावात वाळ्याचा कूलर लावला तर घर थंड होते, कारण तेथील हवा कोरडी असते आणि पाणी उडून जाते. तोच कूलर चारकोपला लावला तर खोलीत दमटपणा वाढतो आणि माणूस आणखी घामाघूम होतो. येथे हवेतील ओल काढून टाकल्याशिवाय आराम नाही आणि ते काम एसीच करतो.

कापडाचे आणि एसीचे जुने नाते

येथे आम्हा कापडवाल्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. एसीचा जन्म माणसाच्या आरामासाठी झालेला नाही. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि रंग जागेवर बसत नसत. त्यावर इलाज म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओल ताब्यात ठेवणारी यंत्रणा तयार केली. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द मात्र १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या सूतगिरण्यांच्या अभियंत्याने वापरात आणला. सूत गिरण्यांत धाग्याला ठराविक ओल देण्याला 'कंडिशनिंग' म्हणत, तोच शब्द त्याने हवेला लावला.

भिवंडीच्या, मालेगावच्या आणि इचलकरंजीच्या माग चालवणाऱ्या बंधूंना हे लगेच समजेल. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून गिरणीत ओल वाढवावी लागते. मुंबईत कापड गिरण्या वाढल्या त्याच्या कारणांत येथील दमट हवाही सांगितली जाते. जी हवा गिरणीला मानवली ती झोपणाऱ्या माणसाला मानवत नाही, एवढाच फरक. सबब, घरात एसी लावताना नुसता थंडावा पाहू नये. ओल किती निघते आणि ते पाणी कोठे जाते हेही पाहावे. आमच्या अनुभवाने भाड्याच्या घरातील एसीचे निम्मे तंटे या पाण्यावरूनच होतात.

भिंतीच्या आतले पहिले काम : वायर

जुन्या इमारतींतील वायरिंग पंखे, दिवे आणि फारतर एक फ्रिज डोळ्यांसमोर ठेवून झाले आहे. दीड टनाचा एसी जोरात चालतो तेव्हा दीड किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो. पंखा-दिव्याच्या बारीक वायरीवर हा भार टाकला की वायर तापते, वरचे आवरण वितळते आणि पुढे काय होते ते वर्तमानपत्रात वाचायला मिळते.

म्हणून प्रत्येक एसीसाठी मुख्य बोर्डापासून थेट वेगळी वायर ओढावी. ती चार चौरस मिलिमीटरची तांब्याची असावी. तिला वेगळा २० अँपिअरचा एम.सी.बी. द्यावा. अर्थिंगची वायर खरोखर अर्थिंगला जोडलेली आहे की नुसती डब्यात सोडून दिली आहे, हे मीटर लावून तपासून घ्यावे. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवावा. विजेची गळती होताच तो पुरवठा तोडतो आणि माणसाचा जीव वाचतो.

मीटरचाही विचार करावा. कांदिवलीत २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीची वीज आहे. त्याआधी ती रिलायन्सची आणि त्याहीआधी बीएसईएसची होती. काही ग्राहक टाटा पॉवरचे आहेत. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. दोन एसी आणि गिझर यांचा भार त्यापेक्षा जास्त होत असेल तर भारवाढीचा अर्ज करावा. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग चाचणी दाखला लागतो. म्हणजे काम परवानाधारकाकडूनच करून घेणे भाग आहे आणि ते आपल्याच हिताचे आहे.

महावीर नगर भागातील एका निवासी इमारतीला २३ ऑक्टोबर २०२३ रोजी आग लागून दोन जीव गेले. त्या आगीचा दोष एसीवर टाकण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला सांगायचे ते एवढेच की उंच इमारतीत एका घराची आग त्या घरापुरती राहत नाही. मालकाने वायरीवर वाचवलेले दोन हजार रुपये दहा कुटुंबांच्या जिवावर येऊ शकतात.

दुसरे काम : तांब्याची नळी

स्प्लिट एसीत आतला डबा आणि बाहेरचा डबा यांना दोन तांब्याच्या नळ्या जोडतात. दीड टनाला बहुतेक वेळा एक पाव इंची आणि एक अर्धा इंची नळी लागते. रंग झाल्यावर एसी लावला तर या नळ्या उघड्यावर, चिकटपट्टी गुंडाळलेल्या, भिंतीवरून सापासारख्या जातात. काम चालू असताना भिंतीत खाच पाडून त्या आत घेतल्या तर घर स्वच्छ दिसते.

पण आत घेतलेली नळी म्हणजे आत घेतलेली जोखीम, हेही ध्यानात ठेवावे. नळी जाड पत्र्याची घ्यावी. भिंतीच्या आत जोड ठेवू नये. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे रबरी आवरण असावे, नाहीतर थंड नळीला घाम सुटून भिंत ओली होते. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्लास्टर करण्याआधी नळीत नायट्रोजन भरून दाब धरतो की नाही ते एक दिवस पाहावे. गवंडी घाई करतो, "भाई, बंद करून टाकू का?" असे विचारतो. चाचणी होईपर्यंत त्याला थांबवावे. गॅस कोठून गळतो ते शोधायला पुढे नवीन टाइल फोडण्यापेक्षा गवंड्याची एका दिवसाची मजुरी भरलेली बरी.

बाहेरचा डबा जितका जवळ तितके चांगले. नळी लांबली की थंडावा कमी होतो आणि बिल वाढते.

तिसरे काम : पाण्याची वाट

दमट दिवसात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी काढतो. रात्रभरात बादली भरते. हे पाणी नळीने सरळ बाहेर सोडले की खालच्या मजल्याच्या छज्जावर टपटप सुरू होते. मग खालच्या बाईंची तक्रार, सोसायटीचे पत्र आणि भाडेकरूचे "मालकाला विचारा."

भिंतीतून पी.व्ही.सी. नळी न्हाणीघराच्या किंवा बाल्कनीच्या जाळीपर्यंत न्यावी. तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार असावा. मीटरमागे एक सेंटिमीटर तरी हवा. प्लास्टर करण्याआधी वरून एक तांब्या पाणी ओतावे आणि खाली पूर्ण येते का ते पाहावे. ही तपासणी फुकट आहे. पी.ओ.पी.च्या छतावर पिवळा डाग पडल्यावर हीच तपासणी पाच हजारांची होते.

बाहेरचा डबा आणि सोसायटी

१९९० च्या दशकातील अनेक इमारतींत विंडो एसीसाठी भिंतीत चौकोनी जागा ठेवलेली दिसते. ती तशीच ठेवायची तर विंडो एसी चालेल. त्यात नळीची भानगड नाही आणि भाडेकरू बदलला तरी काढ-घाल सोपी. मात्र त्याचा आवाज जास्त. स्प्लिट लावायचा असेल तर हा चौकोन विटा-सिमेंटने नीट बंद करावा. प्लायवूडचा तुकडा ठोकून वर रंग मारला तर पहिल्याच पावसात पाणी आत येते.

बाहेरचा डबा कोठे ठेवायचा ते सोसायटीच्या लेखी परवानगीने ठरवावे. इमारतीचे दर्शनी रूप बदलण्यावर सोसायटीचा आक्षेप असू शकतो. कोणत्याही परिस्थितीत खांबाला किंवा तुळईला भोक पाडू नये. जुन्या छज्जावर चाळीस किलोचे ओझे टांगण्याआधी छज्जा ठोकून पाहावा. डबा अशा ठिकाणी असावा की मेकॅनिक उभा राहून त्याची सफाई करू शकेल. सहाव्या मजल्यावर खिडकीबाहेर लोंबकळून ज्याची दुरुस्ती करावी लागते असा एसी लावणे म्हणजे दर वर्षी एका गरीब कारागिराचा जीव टांगणीला लावणे.

चारकोपचा पश्चिमेकडील भाग खाडीला लागून आहे. खारट हवेने पत्रा आणि जाळी लवकर गंजते. तेथे तांब्याच्या, संरक्षक लेप दिलेल्या जाळीचा एसी घ्यावा आणि लोखंडी ब्रॅकेटला गंजरोधक रंग द्यावा. अन्यथा आठ-दहा वर्षे चालणारे यंत्र पाच वर्षांत भंगारात जाते.

किती टन? आणि आधी उन्हाचा बंदोबस्त

'टन' हा शब्द ऐकून पुष्कळांना वजन वाटते. हा शब्द बर्फाच्या जमान्यातला आहे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते तेवढी ओढून काढण्याची ताकद म्हणजे एक टन, अर्थात तासाला १२,००० बी.टी.यू.

ढोबळ मानाने शंभर-एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो, त्यावर एकशेऐंशीपर्यंत दीड टन. घर शेवटच्या मजल्यावर असेल किंवा खिडकी पश्चिमेला असेल तर पाव-अर्धा टन जास्त धरावा. खोलीपेक्षा फार मोठा एसीही कामाचा नाही. तो खोली झटकन थंड करून बंद पडतो, ओल मात्र हवेत तशीच राहते आणि अंथरुणाला दमट वास येतो.

याच जागी आम्ही आमच्या धंद्याची गोष्ट सांगतो आणि ती जाहिरात समजू नये. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावलेला जाड पडदा लावा. पातळ जाळीदार पडदा शोभेचा. ऊन अडवायला विणीने घट्ट कापड हवे आणि त्याचे अस्तर फिकट रंगाचे हवे. पडदा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त रुंद असावा. शेवटच्या मजल्यावर सोसायटीला गच्ची पांढऱ्या लेपाने रंगवण्यास राजी करता आले तर उत्तम. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. ज्या घरात ऊन कमी शिरते तेथे दीड टनाचे काम एक टन करतो आणि हा फायदा मालकाच्या खरेदीत आणि भाडेकरूच्या बिलात, दोन्हीकडे दिसतो.

पैशाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. एसीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. मूळ किंमत ३०,००० रुपये धरली तर पूर्वी ३८,४०० रुपये पडत, नवीन दराने ३५,४०० पडतात. म्हणजे एका नगामागे तीन हजारांचा फरक.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. एक एसी ३५,४०० रुपये, वायर, एम.सी.बी., नळी, पाण्याची वाट आणि मजुरी मिळून १४,६०० रुपये, एकूण ५०,०००. एसीमुळे भाडे महिना १,५०० रुपयांनी वाढले असे समजू. वर्षाला १८,००० आले. त्यातून सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्तीचे २,००० वजा केले तर १६,००० उरतात. रक्कम वसूल व्हायला तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. यंत्र आठ वर्षे चालले तर सौदा बरा आहे.

आता दोन्ही खोल्यांत एसी लावले असे समजू. खर्च एक लाख. पण भाडे दुप्पट वाढत नाही. समजा २,२०० रुपयांनी वाढले. वर्षाला २६,४०० आले, देखभालीचे ४,००० गेले, २२,४०० उरले. वसुलीला साडेचार वर्षे. नफा पातळ झाला. म्हणून आमचा सल्ला असा की वायर, नळी आणि पाण्याची वाट सर्व खोल्यांत करून ठेवावी आणि यंत्र मोठ्या शयनकक्षात एकच लावावे. भाडेकरूला दुसरा हवा असेल तर तो आपला आणून लावील, आणि त्याला भिंत फोडावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट मालक मोजत नाहीत. २५,००० भाड्याचे घर एक महिना रिकामे राहिले तर एसीच्या दीड वर्षाच्या वाढीइतके नुकसान एका महिन्यात होते. एसीचा खरा नफा पुष्कळदा वाढीव भाड्यात नसतो. घर लवकर लागते आणि भाडेकरू टिकतो, त्यात तो असतो.

कराची बाजूही पाहावी. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा केल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. एसीचा किंवा दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवून त्यापलीकडे वजावट मिळत नाही. दुकानाच्या हिशेबात दुकानाचा एसी दाखवतो तसे येथे चालत नाही. राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर मालक जीएसटी वसूल करत नाही, त्यामुळे एसीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिटही घेता येत नाही. तात्पर्य, संपूर्ण ५०,००० रुपये आपल्या खिशातले समजूनच हिशेब करावा.

सोसायटीबद्दल एक खुलासा. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. घरात एसी लागला, भाडे वाढले, म्हणून हे शुल्क वाढत नाही.

भाडेकरूच्या बिलाचा विचार

वीजबिल भाडेकरू भरतो, मग मालकाने स्वस्तातला एसी का लावू नये, असे काही जण म्हणतात. हा विचार आखूड आहे. मुंबई उपनगरात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते : पहिली शंभर युनिटे, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यावर. एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा वापर १५० युनिटे आहे असे धरा. एसी रोज आठ तास चालला आणि तासाला सरासरी एक युनिट लागले तर २४० युनिटे वाढतात. एकूण ३९० झाली आणि बिल वरच्या टप्प्यात गेले. पहिल्या मे महिन्याचे बिल पाहून भाडेकरू दुसरे घर शोधू लागतो.

एसीवर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे ताऱ्यांचे लेबल असते. तारे मोजण्यापेक्षा त्यावरील वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा. तो वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून जुन्या साठ्यातला पाच तारे आणि नवीन लेबलचा पाच तारे हे सारखे नसतात. लेबलवरील वर्ष पाहूनच माल घ्यावा. १ जानेवारी २०२० पासून नवीन एसी चालू करताच २४ अंशावर सुरू होतो. भाडेकरूने तो तेथेच ठेवला आणि सोबत पंखा लावला तर बिल आटोक्यात राहते.

करारनाम्यात काय असावे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणे ही मालकाची जबाबदारी आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट पुरावा येईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. असे असूनही आमचे काही बंधू "आपलाच माणूस आहे" म्हणून तोंडी व्यवहार करतात.

एसी असेल तर करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्यात :

१) एसी कोणाचा? मालकाचा असल्यास कंपनी, टन, क्रमांक, खरेदीची तारीख आणि फोटो.

२) जाळीची महिन्याची सफाई भाडेकरूने करावी. वर्षाची सर्व्हिसिंग कोणी करायची ते नमूद असावे.

३) कॉम्प्रेसर, आतील इलेक्ट्रॉनिक पाटी आणि भिंतीतील नळी बिघडल्यास खर्च मालकाचा. निष्काळजीपणाने झालेली मोडतोड भाडेकरूची.

४) भाडेकरूने आपला एसी लावला तर जाताना तो न्यावा, पण भोके बुजवून आणि गॅस बाहेरच्या डब्यात ओढून घेऊन. नळी आणि वायर मालकाची राहील.

५) एसी बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्त करायचा.

आणि आता अनामत रकमेविषयी. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे. मराठीतला 'अनामत' हा शब्द 'अमानत'चाच भाऊ आहे हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्याची ठेव, जशी घेतली तशी परत करायची. पण एसीचे निमित्त करून या अमानतीतून पाच-दहा हजार कापून घेण्याची सवय काही मालकांना लागली आहे. आमच्या ओळखीच्या एका तरुण कारागिराने तीन वर्षे वेळेवर भाडे दिले. जाताना त्याला सांगण्यात आले की एसी थंड करत नाही, बारा हजार कापले. यंत्र आधीच नऊ वर्षांचे होते. पावती मागितली तर पावती नाही. त्या पैशांवर त्याला नवीन घराचे डिपॉझिट भरायचे होते. यंत्र वापराने झिजते आणि त्या झिजेचे पैसे मालकाने दर महिन्याच्या भाड्यात घेतलेलेच असतात. तेच पुन्हा अनामतीतून घेणे म्हणजे एका मालाची दोनदा किंमत घेणे. दुकानात आपण असे केले तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढणार नाही. कापायचेच असेल तर पावती दाखवून, आणि मोडतोडीपुरतेच.

कारागीर बंधूंसाठी

या कामात इलेक्ट्रिशियन, गवंडी, प्लंबर, पी.ओ.पी.वाला, रंगारी आणि एसी मेकॅनिक असे सहा हात लागतात. हे सहा जण वेगवेगळे आले तर एकाचे काम दुसरा फोडतो. जो कारागीर हे सर्व एका हाताखाली, ठरलेल्या क्रमाने करून देईल, चाचणीचे फोटो देईल आणि पक्के बिल देईल, त्याला कांदिवली-मालाडमध्ये काम कमी पडणार नाही. क्रम साधा आहे : आधी वायर, नळी, पाणी, मग चाचणी, मग प्लास्टर, पी.ओ.पी. आणि रंग, शेवटी यंत्र.

दोन सूचना जिवाच्या आहेत. नळीची दाबचाचणी कधीही ऑक्सिजनने करू नये. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. त्यासाठी नायट्रोजनच वापरावा. दुसरे, पूर्वीचा आर-२२ गॅस पेट घेत नसे. आजच्या बहुतेक एसीत असलेला आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि काहींतला आर-२९० तर सरळ प्रोपेन आहे. जुन्या सवयीने गॅस असताना नळीवर ज्योत धरू नये. उंचीवर पट्टा बांधल्याशिवाय हात घालू नये. मालकाने तो दिला नाही तर काम नाकारावे. तरुण मुलांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा. उस्तादाच्या हाताखाली हात बसतो हे खरे, पण नवीन गॅस आणि नवीन इलेक्ट्रॉनिक पाट्या नुसत्या हाताने समजत नाहीत.

शेवटचे

ज्यांच्या घराचे काम सध्या चालू आहे त्यांनी हा अंक हातात घेऊनच एकदा साइटवर जावे आणि गवंड्याला दोन दिवस थांबवावे. एसी घ्यायचा विचार नसला तरी वायर, नळी आणि पाण्याची वाट करून ठेवावी. पैसे कमी असतील तर पी.ओ.पी.ची नक्षी कमी करावी, वायर कमी करू नये. नक्षी पाहुणा पाहतो. वायरीच्या भरवशावर त्या घरातील मुले रात्री झोपतात.